लेख ब्लॉगवर, चर्चा डिस्कोर्सवर: जोडणी कशी करायची आणि ती कुठे अडते

लेख ब्लॉगवर राहावा आणि त्यावरची चर्चा फोरमवर व्हावी अशी विभागणी केली की स्पॅम गाळणं, सदस्यांची खाती, सूचनांचे ईमेल ही सगळी कामं फोरमकडे जातात आणि ब्लॉग हलका राहतो. इथे फोरम म्हणून डिस्कोर्स धरलं आहे. २०१३ साली आलेल्या या मुक्त-स्रोत फोरममध्ये दुसऱ्या साइटच्या पानावर चर्चा दाखवायची सोय मुळातच आहे, त्यासाठी फोरमवर वेगळं काही बसवावं लागत नाही. ब्लॉग घोस्ट या ब्लॉगिंग प्रणालीवर असो, ह्यूगो-जेकिलसारख्या तयार एचटीएमएल पानं बनवून देणाऱ्या स्टॅटिक जनरेटरवर असो की हाताने लिहिलेल्या एचटीएमएलवर, पद्धत एकच. वर्डप्रेसचा रस्ता वेगळा आहे, तो पुढे येतोच.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. लेखाखाली दिसते ती फोरमवरच्या चर्चेकडे उघडणारी खिडकी. तिथे लिहिता येत नाही. वाचकाला उत्तर द्यायचं तर तो बटण दाबून फोरमवर जातो, लॉगिन करतो आणि तिथे लिहितो. त्यामुळे ‘मस्त लेख!’ छापाच्या प्रतिक्रिया जवळजवळ बंद होतात आणि ज्याला खरंच काही म्हणायचं आहे तोच तिथवर पोचतो. एका ओळीत दाद देऊन मोकळा होणारा वाचकही हवा असेल तर ही जोडणी करूच नका. घोस्टमध्ये २०२२ पासून स्वतःची प्रतिक्रियांची सोय आहे, वर्डप्रेसमध्ये तर ती पहिल्यापासून आहे, त्या वापरा. ब्लॉग निव्वळ प्रोग्रामिंगविषयी असेल आणि वाचकांकडे गिटहबचं खातं असणारच असेल, तर गिटहब डिस्कशन्सवर चालणारं गिस्कस बसवणं याहून सोपं आहे, आणि त्यात पानावरच लिहिता येतं.

आधी काय तयार हवं

फोरम आधीपासून चालू आहे असं गृहीत धरू. नवा उभारत असाल तर सर्व्हरला स्वॅपसह किमान १ जीबी रॅम लागते. २ जीबी दिली तर निवांतपणे चालतो. फोरमला स्वतःचं उपडोमेन द्या. ब्लॉग मुख्य डोमेनवर आणि फोरम त्याच डोमेनच्या उपडोमेनवर, ही मांडणी सांभाळायला सर्वांत सोपी. दोन्ही ठिकाणी एचटीटीपीएस हवंच. ब्लॉग एचटीटीपीएसवर आणि फोरम साध्या एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर ती खिडकी उघडूच देत नाही, आणि वाचकाला कारणही कळत नाही.

ईमेलकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ईमेलने पुष्टी झाल्याशिवाय डिस्कोर्सवर खातं सुरू होत नाही. पुष्टीचा ईमेल स्पॅममध्ये गेला की तो वाचक परत येत नाही. पाठवणाऱ्या डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम या, ईमेल खरोखर तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी घाला आणि एसएमटीपीसाठी, म्हणजे ईमेल पाठवण्यासाठी, ५८७ पोर्ट वापरा, कारण बरेच होस्टिंगवाले २५ पोर्ट बंद ठेवतात. ॲडमिनमधल्या ईमेल विभागातून चाचणीचा ईमेल पाठवता येतो. तो वेगवेगळ्या सेवांच्या दोन-तीन पत्त्यांवर पाठवून पाहा.

फोरमच्या बाजूचं काम

सर्वांत आधी ब्लॉगच्या लेखांसाठी वेगळी कॅटेगरी उघडा. ती वाचायची परवानगी सर्वांना हवी. फक्त सदस्यांना दिसणाऱ्या कॅटेगरीत विषय (लेखावरच्या चर्चेचा धागा) तयार झाला तर लॉगिन न केलेल्या वाचकाला लेखाखाली काहीच दिसणार नाही.

मग हे विषय कोणाच्या नावाने उघडायचे ते ठरवा. ‘सिस्टीम’ खात्याच्या नावाने उघडता येतात, पण ते टाळलेलं बरं. विषय ज्याच्या नावावर असतो त्याला प्रत्येक उत्तराची सूचना जाते. लेखकाच्या खात्याने विषय उघडले तर लेखकाला वेगळी नजर ठेवावी लागत नाही, आणि वाचकालाही आपण कोणाशी बोलतोय ते कळतं. सेटिंगमध्ये त्या खात्याचं युजरनेम लिहायचं असतं, दाखवायचं नाव नाही. या दोहोंत गल्लत झाली की विषय तयारच होत नाही.

आता ॲडमिनमध्ये एम्बेडिंगचं, म्हणजे चर्चा दुसऱ्या साइटवर दाखवण्याच्या सेटिंगांचं पान उघडा. आवृत्तीगणिक मेनूतली त्याची जागा बदलत आली आहे. सापडलं नाही तर ॲडमिनच्या शोधचौकटीत ‘एम्बेड’ शोधा. तिथे नवा होस्ट जोडायचा: फक्त डोमेन लिहा, पुढे एचटीटीपीएस नको आणि शेवटी तिरकी रेघही नको. ब्लॉग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविनाही उघडत असेल तर दोन्ही होस्ट जोडा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे एक पत्ता कायमचा दुसऱ्याकडे वळवा. होस्टसोबतच कॅटेगरी निवडायची. ब्लॉगच्या ठरावीक भागालाच चर्चा हवी असेल तर पाथसाठी (पत्त्यातल्या डोमेनपुढच्या भागासाठी) रेग्युलर एक्स्प्रेशनही, म्हणजे अक्षरांचा नमुनाही, देता येतं; सुरुवातीला ते रिकामं सोडा, एक भानगड कमी.

होस्ट जतन केला की त्याच पानावर कोडचा तयार तुकडा दिसतो. तो तसाच उचलायचा. या जोडणीविषयीच्या जुन्या लेखांतून कॉपी केलेले तुकडे टाळा.

बाकी सेटिंगांतल्या तीन खरोखर महत्त्वाच्या. पहिली, विषय ‘अनलिस्टेड’ ठेवण्याची. ती चालू केली की लेखाचा विषय तयार होतो, पण पहिलं उत्तर येईपर्यंत फोरमच्या यादीत दिसत नाही. ही चालू ठेवाच. नाहीतर फोरमचं पहिलं पान उत्तर नसलेल्या विषयांनी भरून जातं आणि नव्या माणसाला फोरम ओस पडल्यासारखा वाटतो. दुसरी, मजकूर आखूड करण्याची. ती चालू असेल तर फोरमवर लेखाचा सुरुवातीचा भाग आणि मूळ लेखाचा दुवा एवढंच येतं, अख्खा लेख दोन ठिकाणी छापला जात नाही. तिसरी, शीर्षक साफ करण्याची. पानाच्या शीर्षकाला ब्लॉगचं नाव चिकटलेलं असतं (‘लेखाचं नाव – ब्लॉगचं नाव’). तो शेपटीचा भाग रेग्युलर एक्स्प्रेशनने इथे कापता येतो.

लेखाखाली किती उत्तरं दाखवायची याची मूळ मर्यादा १०० आहे. एवढी उत्तरं लेखाखाली कोणी वाचत नाही. १० ते २० पुरेत, पुढचं फोरमवर.

ब्लॉगच्या बाजूचं काम

तो तुकडा टेम्पलेटमध्ये लेखाचा मजकूर संपतो तिथे चिकटवायचा. त्यात दोन पत्ते असतात. पहिला फोरमचा, त्याच्या शेवटी तिरकी रेघ असायलाच हवी, कारण स्क्रिप्टचा पत्ता त्याला जोडूनच तयार होतो. ती गाळली की फाइल सापडत नाही आणि पानावर काहीच घडत नाही.

दुसरा पत्ता लेखाचा, आणि सगळी जोडणी याच एका ओळीवर उभी आहे. कोणत्या लेखाची चर्चा कोणत्या विषयात चालू आहे हे डिस्कोर्स फक्त या पत्त्यावरून ओळखतं. शीर्षक, तारीख, लेखक यांचा त्याच्याशी काही संबंध नाही. म्हणून इथे लेखाचा अधिकृत, पूर्ण, कायमचा पत्ता गेला पाहिजे. ब्राउझरच्या पट्टीत दिसेल तो पत्ता जावास्क्रिप्टने उचलून देण्याचा शॉर्टकट बऱ्याच ठिकाणी दिसतो. तो घेऊ नका. न्यूजलेटरमधून आलेल्या वाचकाच्या पत्त्याला प्रश्नचिन्हापुढे मोजणीची शेपटी असते, मोबाइलसाठीच्या पत्त्याला आणखी काही. आणि एकाच लेखाच्या तीन चर्चा तीन ठिकाणी सुरू होतात.

घोस्टमध्ये हा तुकडा थीमच्या ‘पोस्ट’ टेम्पलेटमध्ये जातो आणि पत्त्याच्या जागी ‘यूआरएल’ हेल्पर (थीममध्ये पत्ता आपोआप भरणारा कोड) ‘ॲब्सोल्यूट’ या पर्यायासह लिहायचा. तो पर्याय विसरलात तर डोमेनविना अर्धाच पत्ता येतो. सेटिंगमधल्या ‘कोड इंजेक्शन’च्या चौकटीत हे टाकून चालत नाही, कारण तिथे हेल्पर चालत नाहीत, शिवाय तिथलं सगळं पानाच्या हेडमध्ये किंवा अगदी तळाशी जातं, लेखाखाली नाही. थीम बदलून झाली की तिची झिप प्रत स्वतःकडे ठेवा. थीमची नवी आवृत्ती चढवली की तुमचा बदल पुसला जाणार आहे.

ह्यूगोत लेखाच्या टेम्पलेटमध्ये ‘पर्मालिंक’ हे मूल्य वापरा. ते ‘बेसयूआरएल’वरून बनतं, तेव्हा कॉन्फिगमध्ये खरं डोमेन आहे ना ते आधी पाहा. जेकिलमध्ये साइटचा पत्ता आणि पानाचा पत्ता जोडावा लागतो, किंवा ‘ॲब्सोल्यूट-यूआरएल’ हा फिल्टर लावता येतो. दोन्हींत हा भाग फक्त प्रॉडक्शनमध्येच छापला जाईल अशी अट घाला. स्वतःच्या संगणकावर पान उघडलं की पत्ता ‘लोकलहोस्ट’चा होतो. फोरमचा सर्व्हर तुमच्या संगणकापर्यंत पोचू शकत नाही, त्यामुळे तिथे हे कधीच चालणार नाही. होस्टिंगवाले देतात त्या प्रिव्ह्यूच्या तात्पुरत्या पत्त्यांचंही तेच. तो होस्ट फोरमच्या यादीत नसतो.

चाचणी खऱ्या, प्रसिद्ध झालेल्या लेखावरच करा, आणि खासगी विंडोत, म्हणजे ॲडमिनचं लॉगिन मध्ये येणार नाही. पहिल्यांदा पान उघडलं की ‘चर्चा लोड होत आहे’ अशा अर्थाची ओळ दिसते. त्या वेळी फोरमचा सर्व्हर मागच्या मागे तुमचं पान स्वतः जाऊन वाचतो, त्यातला मजकूर उचलतो आणि विषय तयार करतो. थोड्या वेळाने पान पुन्हा उघडा. ओळीच्या जागी चर्चा सुरू करायचं बटण आलं की जोडणी झाली.

उचललेला मजकूर जरूर तपासा. लेख कुठला आणि बाजूची पट्टी कुठली हे डिस्कोर्स अंदाजाने ठरवतं, आणि कधीकधी कुकीची सूचना किंवा ‘हेही वाचा’चा ठोकळा लेख म्हणून उचलतं. एम्बेडिंगच्या सेटिंगमध्ये परवानगी असलेले आणि नसलेले सीएसएस सिलेक्टर (पानाचा कोणता ठोकळा ते सांगणाऱ्या खुणा) देता येतात. लेखाच्या ठोकळ्याचा क्लास पहिल्यात आणि शेअरच्या बटणांचा दुसऱ्यात टाका. आधी तयार झालेल्या विषयावर याचा परिणाम होत नाही, तेव्हा हे सगळं पहिल्या एक-दोन लेखांवरच नीट लावून घ्या.

वर्डप्रेस असेल तर

वर्डप्रेसवरही वरचा तुकडा चालतो, पण ‘डब्ल्यूपी डिस्कोर्स’ हे प्लगइन जास्त उपयोगाचं आहे. त्याची दिशा उलटी: फोरम ब्लॉग वाचायला येत नाही, ब्लॉगच एपीआयमार्फत, म्हणजे प्रोग्रामनी एकमेकांशी बोलायच्या वाटेने, फोरमवर विषय प्रसिद्ध करतो. त्यामुळे फोरमने लेखाचं पान वाचण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि कोणता लेख पाठवायचा ते संपादनाच्या पडद्यावर खूण करून ठरवता येतं.

फोरमच्या ॲडमिनमध्ये एपीआयच्या पानावर नवी की तयार करा, ती ‘सर्व सदस्यां’साठी असू द्या, म्हणजे वेगवेगळ्या लेखकांच्या नावाने विषय उघडता येतील. की एकदाच दिसते. पान सोडण्याआधी कॉपी करा. प्लगइनमध्ये फोरमचा पत्ता, ही की आणि प्रसिद्ध करणाऱ्याचं युजरनेम भरलं की जोडणी जुळल्याचा संदेश येतो. मग प्रतिक्रियांसाठी डिस्कोर्स वापरण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. तो राहून गेला तर विषय फोरमवर जातात, पण लेखाखाली वर्डप्रेसचीच जुनी पेटी दिसत राहते.

नवी उत्तरं लेखाखाली लगेच दिसायला हवीत तर वेबहुक लावा, म्हणजे नवं उत्तर आलं की फोरम स्वतःहून ब्लॉगला कळवतो. फोरमवर वेबहुक तयार करताना प्लगइनने दिलेला पत्ता भरायचा आणि किमान १२ अक्षरांची गुप्त की ठरवायची. तीच की अक्षर न अक्षर प्लगइनमध्ये. वेबहुकच्या पानावरून चाचणीचा पिंग पाठवता येतो. उत्तर २०० आलं तर काम झालं. ४०३ आलं तर बहुतेक वेळा वर्डप्रेसचं सुरक्षा प्लगइन किंवा पुढची फायरवॉल रेस्ट एपीआय अडवत असते, आणि तिथे त्या एका पत्त्याला सूट द्यावी लागते.

अडतं ते इथे

लेखाखाली रेफरर (विनंती कोणत्या पानावरून आली ते सांगणारा पत्ता) आला नाही किंवा यादीतल्या होस्टशी जुळला नाही अशा अर्थाचा संदेश दिसला तर आधी होस्टचं स्पेलिंग तपासा. ते बरोबर असेल तर पानाचं रेफरर-धोरण पाहा. कोणत्या पानावरून विनंती आली हे डिस्कोर्स रेफररवरून पडताळतं. ब्लॉगने ‘नो-रेफरर’ धोरण लावलं असेल तर पडताळायला काहीच उरत नाही. ते ‘नो-रेफरर-व्हेन-डाउनग्रेड’ करा. हीच तक्रार एखाद्याच वाचकाकडून येत असेल तर त्याच्या ब्राउझरमधलं एखादं एक्स्टेंशन रेफरर कापत असणार. त्यावर तुमच्याकडे इलाज नाही, फोरमचा साधा दुवा लेखाखाली ठेवा म्हणजे झालं.

‘लोड होत आहे’ ही ओळ हटतच नसेल तर फोरमला तुमचं पान वाचता येत नाही. पान पासवर्डमागे आहे, फक्त सदस्यांसाठी आहे, की सीडीएनची (ब्लॉगपुढे उभ्या वितरण-सेवेची) बॉटविरोधी भिंत मध्ये आहे? शेवटचं कारण सर्वांत जास्त वेळा निघतं, कारण तुमच्या ब्राउझरला पान व्यवस्थित उघडून दाखवणारी ती भिंत फोरमच्या सर्व्हरला मात्र कोडं सोडवायला सांगते. फोरमच्या सर्व्हरच्या आयपीला तिथे सूट द्या. हे सगळं ठीक असेल तर फोरमवरचं साइडकिकचं पान उघडून मागच्या मागे चालणारी कामं तुंबली आहेत का ते पाहा. नेमकी चूक लॉगच्या पानावर सापडते.

खिडकीची जागा पूर्ण पांढरी असेल तर ब्राउझरचं कन्सोल उघडा. ब्लॉगवर कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानाने बाहेरून काय आणू द्यायचं ते ठरवणारे नियम) असेल तर फोरमचं डोमेन ‘स्क्रिप्ट-एसआरसी’ आणि ‘फ्रेम-एसआरसी’ या दोन्हींत लागतं; एकात घालून दुसरं राहून जातं. कन्सोल एक्स-फ्रेम-ऑप्शन्सबद्दल तक्रार करत असेल तर फोरमपुढचा रिव्हर्स प्रॉक्सी (फोरमकडे येणाऱ्या विनंत्या पुढे पाठवणारा सर्व्हर) सरसकट ‘सेमओरिजिन’ हेडर चिकटवतोय. एम्बेडच्या पानापुरतं हे हेडर डिस्कोर्स स्वतः लावत नाही, पण प्रॉक्सीला ते ठाऊक नसतं.

चर्चा अर्धवट कापलेली दिसते तेव्हा दोष बहुधा थीमचा. व्हिडिओ नीट बसावेत म्हणून थीम सगळ्या आयफ्रेमना (पानात दुसरं पान दाखवणाऱ्या चौकटींना) ठरावीक उंची किंवा गुणोत्तर देते. डिस्कोर्सची स्क्रिप्ट मजकुराप्रमाणे उंची बदलत असते, पण थीमचा नियम तिच्यावर मात करतो. चर्चेच्या आयफ्रेमला त्या नियमातून वगळा. आणि खिडकीतले रंग-टंक बदलायचे असतील तर ब्लॉगच्या सीएसएसमध्ये खटपट करू नका, ते आयफ्रेमच्या आत पोचत नाही. ते सीएसएस फोरमच्या थीममध्ये, एम्बेडसाठीच्या वेगळ्या भागात लिहायचं.

देवनागरी शीर्षकं असतील तर आणखी एक. डिस्कोर्सची मूळ सेटिंग विषयाच्या पत्त्यात फक्त रोमन अक्षरं घेते, त्यामुळे प्रत्येक मराठी विषयाचा पत्ता नुसता ‘टॉपिक’ आणि पुढे क्रमांक असा बनतो. काही बिघडलेलं नसतं, क्रमांकावर सगळं चालतं. स्लग (पत्त्यातला शीर्षकाचा भाग) बनवण्याची पद्धत ‘एन्कोडेड’ केली की शीर्षक पत्त्यात येतं, पण तो पत्ता कुठे चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. ‘टॉपिक’च राहू दिलेलं सोयीचं.

नवे सदस्य आणि जुने लेख

ब्लॉगवरून आलेला प्रत्येक वाचक फोरमच्या दृष्टीने नवखा, विश्वासपातळी शून्यचा. त्याला एका विषयात तीनच उत्तरं देता येतात आणि एका उत्तरात दोनच दुवे. पुढची पातळी मिळायला पाच विषय उघडावे लागतात, तीस नोंदी वाचाव्या लागतात आणि एकूण दहा मिनिटं वाचनात घालवावी लागतात. एकाच लेखासाठी आलेला माणूस हे कसं करणार? चर्चा रंगात आली की चौथ्या उत्तराला तो अडतो आणि तुम्हाला कळतही नाही. सेटिंगमध्ये एका विषयातल्या उत्तरांची मर्यादा आठ-दहा करा. दुव्यांची मात्र दोनच राहू द्या. स्पॅम तिथूनच येतं.

तुकडा टेम्पलेटमध्ये गेला की तो सगळ्या जुन्या लेखांनाही लागू होतो. कोणी पाच वर्षांपूर्वीचा लेख उघडला की फोरमवर आजच्या तारखेचा विषय तयार. हे नको असेल तर टेम्पलेटमध्ये तारखेची किंवा टॅगची अट घाला आणि चर्चा हवी त्याच लेखांना ती खूण द्या. जुन्या लेखांवर आधीच्या प्रतिक्रिया असतील तर त्या फोरमवर ओढत नेऊ नका. लिहिणाऱ्यांची खाती तिथे नसतात, नावं-ईमेल जुळत नाहीत, आणि हाती राहते ती अनोळखी, निर्जीव नोंदींची रास. त्या आहेत तिथे फक्त वाचण्यापुरत्या राहू द्या आणि नवी पेटी बंद करा.

प्रसिद्ध झालेल्या लेखाचा पत्ता बदलला की चर्चा तुटते: डिस्कोर्सला तो नवाच लेख वाटतो आणि दुसरा विषय उघडतो. एका लेखापुरतं असेल तर तुकड्यात लेखाच्या पत्त्याऐवजी जुन्या विषयाचा क्रमांक देता येतो. अख्खं डोमेनच बदलत असाल तर फोरमच्या कंटेनरमध्ये शिरून डिस्कोर्सचा ‘रिमॅप’ आदेश जुन्या आणि नव्या डोमेनसह चालवा. तो डेटाबेसमधला मजकूर सगळीकडे बदलतो आणि मागे फिरता येत नाही, म्हणून आधी पूर्ण बॅकअप घ्या. जुनं डोमेन दुसऱ्या एखाद्या लांब नावाचा तुकडा तर नाही ना, तेही पाहून घ्या, नाहीतर तिथेही बदल होईल. नवा होस्ट यादीत आधी जोडा, मग रिमॅप, आणि ब्लॉग नव्या पत्त्यावर सर्वांत शेवटी. हा क्रम उलटला तर मधल्या काळात आलेले वाचक जुन्याच लेखांचे नवे विषय उघडून ठेवतात, आणि मग ते एकेक करून जोडत बसावं लागतं.